जनुक, तकदीर आणि जबाबदारी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला आपल्या घरांतून दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. कोणी म्हणतो, ‘अल्लाहची मर्जी, तकदीरमध्ये होते ते झाले.’ दुसरा कुजबुजतो, ‘अंग एवढे वाढू दिले, मग दुसरे काय होणार?’ वाचकहो, पहिला माणूस तिच्या हाती काहीच ठेवत नाही आणि दुसरा सगळा भार तिच्यावरच टाकतो. दोघेही ईमानी समजुतीपासून दूर आहेत.

‘एफटीओ’ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध २००७ साली उघड झाला. त्याचे वजन वाढवणारे रूप आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन, ते मुळीच न मिळालेल्यांपेक्षा, सरासरी सुमारे ३ किलोने अधिक भरले. पुढे २०१३ मध्ये याच जनुकातील काही बदलांचा स्तनाच्या कर्करोगाशीही संबंध नोंदवला गेला. धोक्यातील वाढ मात्र अल्प होती.

वजनाचा मार्ग वेगळा आहे. मासिक पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः मेदपेशींतून तयार होते. त्यामुळे त्या वयातील लठ्ठपणा धोका वाढवतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत असा परिणाम दिसत नाही. इतकेच काय, स्थूलतेकडे झुकणारी जनुके जन्मतःच लाभलेल्या स्त्रियांत हा धोका काहीसा कमीच असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणाऱ्या या प्रश्नाचा निवाडा आपण मात्र दिवाणखान्यात बसून करतो!

मग तकदीरचे काय? माननीय उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ पसरल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला, तेव्हा माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? साथीपासून दूर जाणे हीदेखील अल्लाहचीच तकदीर आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या आमिश लोकांचा २००८ मधील अभ्यास येथे आठवतो. शेतीवाडीत दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या आमिशांत एफटीओचा वजनावरील परिणाम जवळपास दिसलाच नाही. जनुक अल्लाहने दिले. चालणारे पायही त्यानेच दिले.

जे आपण निवडले नाही, त्याचा हिशेब आपल्याकडे मागितला जाणार नाही. म्हणून आजारी स्त्रीच्या अंगाकडे बोट दाखवणे हा सरळ जुलूम आहे. तिच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी ‘त्या घरात तो आजार आहे’ म्हणून मोडणे, हाही जुलूमच. मात्र शरीर ही अमानत असल्यामुळे जे हाती आहे त्याचा हिशेब द्यावाच लागेल: ताटात काय वाढतो, पावले किती चालतो आणि गाठ हाताला लागल्यावर किती दिवस गप्प बसतो.

या शेवटच्या गोष्टीत आपल्या घरांत हया आडवी येते. हया ईमानचा भाग आहे, पण तिने उपचाराची वाट अडवावी असे शरीअतने कोठेही सांगितलेले नाही. स्त्री डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडे जावे; मिळत नसेल तर गरजेपुरती तपासणी पुरुष डॉक्टरकडून करून घेण्याची मुभा फिकहने दिलेली आहे.