आखाड्यावरची साखळी

इस्लापूरच्या शिवारात कुत्रं नसलेला आखाडा, म्हणजे शेतातला मुक्काम, विरळाच. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे किनवटचं सागाचं रान, मध्ये कापूस, तूर आणि हळद. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. मग माणूस बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो आणि आखाड्याची राखण कुत्र्यावर सोपवतो.

माझ्या मामांच्या आखाड्यावर काळू होता. मामा जेवायला बसले की आधी त्याची भाकर, वरून डाळीचं पाणी. रात्री मात्र साखळी बाभळीला. एका पहाटे साखळी जागेवर होती, पट्टा तुटलेला होता आणि बाभळीभोवती साखळी पुरेल तेवढ्या गोलात माती उकरलेली होती. गोलाबाहेर काळूचं एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. होते ते बिबट्याचे ठसे आणि तुरीत शिरलेली फरपट. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. गाय किंवा शेळी गेली तर वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो. काळूसाठी कोण येणार होतं?

मोकळं कुत्रं निदान पळतं, खाटेखाली शिरतं. बांधलेल्याला तेवढीही वाट नसते. ज्याला आपण राखणदार म्हणतो, त्याला उघड्यावर जखडून ठेवतो, हे मला त्या गोलाकडे बघताना फार लागलं.

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार अभ्यासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण साधं आहे: शेळीला दिवसा राखण्या असतो आणि रात्री ती कोंडलेली असते. शेळीच्या वाट्याला जी काळजी येते ती कुत्र्याच्या वाट्याला येत नाही. मांजरांचंही तेच.

बिबट्याने जनावर नेलं की गावात पहिली मागणी होते ती पिंजऱ्याची. बिबट्या धरा आणि दूर सोडा. जुन्नर भागात हे मोठ्या प्रमाणावर करून झालं आहे. २००१ च्या आधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. धरून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला त्या २००१ ते २००३ च्या काळात ही सरासरी सतरावर गेली. शिवाय एक नेला तरी रिकाम्या जागेत दुसरा येतोच, कारण त्याला ओढणारं खाणं तिथेच असतं. गावाच्या कडेला टाकलेलं मेलेलं जनावर, कोंबड्यांची आतडी आणि त्यावर पोसलेली मोकाट कुत्री. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांतही उकिरडा आणि कुत्री असतात तिथे बिबट्या येतो. दाराशी कुत्रं मिळतं हे त्याला ठाऊक झालं, की अंगणात खेळणाऱ्या पोरासाठीही ते बरं नसतं.

मामांनी पुढचं पिल्लू आणलं तेव्हा आधी खोपा बांधला. चारी बाजूंनी जाड जाळी, वर पत्रा, कारण बिबट्या चढतो. खाली फरशी, बाहेरून कडी. अंधार पडायच्या आत पिल्लू आत, कोंबड्याही शेजारच्या खुराड्यात. शेजारचे म्हणाले, कोंडलेलं कुत्रं राखण काय करणार? पण कुत्र्याची राखण म्हणजे त्याचे कान आणि त्याचा आवाज. बिबट्याशी झुंजणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. जाळीआडून ते भुंकतं, मामा उठतात, बॅटरी मारतात, डबा वाजवतात.