जुन्या नादाचा शोध : विलिबाल्ट गुर्लिट

१९२१ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या संगीतशास्त्र विभागात एक ऑर्गन बसवला गेला. त्याचा आराखडा त्या काळातल्या कुणा कारागिराचा नव्हता. मिखाएल प्रेटोरियस या संगीतकाराने १६१९ साली छापलेल्या ‘सिंटाग्मा म्युझिकुम’च्या दुसऱ्या खंडातून तो घेतलेला होता. प्रेटोरियसचा मृत्यू १६२१ सालचा, म्हणजे १९२१ हे त्याच्या मृत्यूचं त्रिशताब्दी वर्ष. विभागाचे प्रमुख विलिबाल्ट गुर्लिट तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच जखमी होऊन ते फ्रेंचांच्या कैदेत पडले होते. सुटून आल्यावर १९१९ मध्ये ते फ्रायबुर्गला शिकवू लागले आणि दोनच वर्षांत, महागाईने पिचलेल्या देशात, त्यांनी लुडविग्सबुर्गच्या ऑस्कर वाल्कर यांच्याकडून हे वाद्य घडवून घेतलं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या संगीतविचाराला वळण देणाऱ्या घटनांमध्ये या लहानशा ऑर्गनचं स्थान फार वरचं आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकाच्या साथीतला, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन येतो. त्यात हार्मोनियमसारखे रीड असतात. युरोपातल्या चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा. एका मोठ्या वाद्यात चार-पाच हजार नळ्या सहज असतात. कथलाच्या, शिशाच्या, लाकडाच्या, कुठे हाताच्या बोटाएवढ्या तर कुठे दोन मजले उंच. भात्यातली हवा एका पेटीत साठते आणि पट्टी दाबली की त्या सुराच्या नळीत शिरते. सारख्या आवाजाच्या नळ्यांचा एक संच म्हणजे एक स्टॉप. कोणते स्टॉप उघडायचे हे वादक ठरवतो, पण मुळात कोणते स्टॉप असावेत, हवेचा दाब किती असावा, नळीचं तोंड कसं कापावं हे सारं कारागीर आधीच ठरवून गेलेला असतो. एखाद्या काळाला कोणता नाद प्रिय होता हे या वाद्याइतकं स्पष्ट दुसरं कुठलंही वाद्य सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाला प्रिय होता वाद्यवृंदाचा नाद. हवेचा दाब वाढला. झडपांच्या पेटीत नळ्या कोंडून आवाज कमीजास्त करण्याची सोय झाली, आणि पायाखालचा एक रूळ फिरवला की एकामागून एक स्टॉप उघडत सगळं वाद्य गर्जून उठू लागलं. पट्टी आणि नळी यांच्यामधला लाकडी काड्यांचा दुवा जाऊन तिथे हवेच्या नळ्या आणि पुढे विजेच्या तारा आल्या. याला प्रगती म्हणत. संगीतकार बाखच्या काळची वाद्यं म्हणजे या प्रगतीच्या खालच्या पायऱ्या, अशीच समजूत होती. त्याच न्यायाने बाखच्या रचनाही त्या रुळावर, हळूहळू चढत जाणाऱ्या आवाजात वाजवल्या जात. ऑर्गनवादक आल्बर्ट श्वाइत्झर यांनी १९०६ साली जर्मन आणि फ्रेंच ऑर्गनांची तुलना करणाऱ्या पुस्तिकेतून ऑर्गनांच्या कारखानदारी उत्पादनावर टीका केली होती. गुर्लिट त्याहून खोल गेले. त्यांनी प्रगतीची शिडीच नाकारली.

त्यांचं म्हणणं १९२६ च्या जुलैमध्ये फ्रायबुर्गला भरलेल्या ऑर्गन परिषदेतल्या त्यांच्या व्याख्यानाच्या विषयावरूनच कळतं : संगीताच्या इतिहासाच्या प्रकाशात ऑर्गनच्या नाद-आदर्शाची स्थित्यंतरं. प्रत्येक युगाचा स्वतःचा नाद-आदर्श असतो, तो त्या युगाच्या वाद्यात उतरतो आणि त्या युगाची रचना त्याच नादासाठी लिहिलेली असते. म्हणून जुनं संगीत समजून घ्यायचं तर जुना नाद ऐकावाच लागतो. कागदावरच्या सुरावटी पुरत नाहीत. आज हे वाचताना उघड वाटतं. १९२१ साली ते उघड नव्हतं.

हा विचार त्यांच्या घरातच रुजला होता, असं मला वाटतं. वडील कॉर्नेलियुस गुर्लिट हे ड्रेस्डेनचे नामांकित कला-इतिहासकार. बरोक वास्तुशैलीला विद्वान मंडळी नाकं मुरडत होती, तेव्हा त्यांनी तिचा सविस्तर इतिहास लिहिला. प्रत्येक शैलीला तिच्या स्वतःच्या मापाने मोजायचं, हे वडिलांनी दगडविटांच्या बाबतीत केलं आणि मुलाने नादाच्या बाबतीत. बहीण कॉर्नेलिया चित्रकार होती. १९१९ मध्येच तिने जीवन संपवलं. धाकटा भाऊ हिल्डेब्रांट कलाविक्रेता झाला. नाझी राजवटीत त्याने केलेले व्यवहार आणि त्याच्या मुलाच्या म्युनिकमधल्या घरात सापडलेला चित्रांचा साठा यामुळे २०१३ पासून गुर्लिट हे नाव जगभर वेगळ्याच कारणाने माहीत झालं. विलिबाल्ट यांचं काम त्या बातमीखाली झाकलं जाऊ नये.

लाइप्झिगमध्ये संगीतशास्त्रज्ञ हुगो रीमान यांच्याकडे शिकताना त्यांनी प्रेटोरियसवर प्रबंध लिहिला होता, म्हणून ‘सिंटाग्मा म्युझिकुम’ची किंमत त्यांना ठाऊक होती. प्रेटोरियस अतिशय नेटका माणूस. वाद्यांची चित्रं छापताना त्याने सोबत ब्राउनश्वाइगच्या अर्ध्या फुटाची मोजपट्टीही छापली, म्हणजे वाचकाने चित्रावरून वाद्याचं खरं माप काढावं. ऑर्गनांचे स्टॉप तर त्याने गावोगावच्या याद्यांसह नोंदवले. तीनशे वर्षांनी कुणाला तरी हे वाद्य पुन्हा घडवता येईल इतकी माहिती त्यात होती. गुर्लिट यांनी १९२९ मध्ये या दुसऱ्या खंडाची हुबेहूब प्रतिमुद्रित आवृत्तीही काढली.

डिसेंबर १९२१ मध्ये फ्रायबुर्गचा हा ऑर्गन वाजवला लाइप्झिगच्या कार्ल श्ट्राउबे यांनी. श्ट्राउबे म्हणजे माक्स रेगरच्या भव्य रचनांचे सर्वांत मोठे वादक. १९०४ साली त्यांनी जुन्या आचार्यांच्या रचनांचं जे संपादन केलं होतं, त्यात त्या पिढीला आवडणारे सगळे चढउतार भरले होते. १९२९ मध्ये त्यांनी त्याच प्रकारचा नवा संग्रह काढला, तेव्हा स्टॉपांच्या सूचना हांबुर्गच्या याकोबी चर्चमधल्या आर्प श्निटगर या कारागिराच्या १६९३ च्या ऑर्गनवर बेतल्या. एवढ्या मोठ्या वादकाने स्वतःची छापील मतं अशी बदलणं ही साधी गोष्ट नाही. त्या हांबुर्गच्या वाद्याकडेही लेखक हान्स हेन्नी यान यांनी याच सुमारास जगाचं लक्ष वेधलं होतं. दर्शनी भागातल्या कथलाच्या नळ्या १९१७ मध्ये युद्धासाठी वितळवायला नेल्या होत्या, पण आतल्या बऱ्याचशा जुन्या नळ्या शाबूत होत्या.

फ्रायबुर्गच्या ऑर्गनमध्ये मात्र एक मोठी उणीव राहून गेली होती. नळ्या प्रेटोरियसच्या यादीप्रमाणे होत्या, पण हवेची पेटी आणि पट्ट्यांची जोडणी विसाव्या शतकातली, विजेवर चालणारी. जुन्या पेटीत एका पट्टीच्या सगळ्या नळ्या एकाच कप्प्यातून हवा घेतात. पट्टी दाबली की त्या एकत्र श्वास घेतात, एकत्र बोलतात आणि त्यांचा आवाज एकजीव होतो. लाकडी काडीच्या जोडणीत बोट किती हलकं किंवा जड पडलं हे नळीपर्यंत पोचतं. १९२१ च्या वाद्यात हे दोन्ही नव्हतं. म्हणजे जुन्या नादाचा रंग मिळाला, त्याचा उच्चार मिळाला नाही. हे कळलं तेही वाद्य प्रत्यक्ष उभं राहिल्यामुळेच. म्हणून त्या ऑर्गनला मी अपयश म्हणणार नाही. ग्रंथालयात बसून वाद घालत राहिलं असतं, तर पेटीचा प्रश्न कुणाला सुचलाही नसता.

यातून जी ऑर्गन-चळवळ उभी राहिली, तिच्याबद्दल मात्र माझं मत संमिश्र आहे. गुर्लिट यांनी सांगितलं होतं की प्रत्येक युगाचा नाद स्वयंपूर्ण आहे. अनुयायांनी त्यातून एवढंच उचललं की सतराव्या शतकाचा नाद शुद्ध आणि एकोणिसाव्याचा भ्रष्ट. मग पुढची कित्येक दशकं रोमँटिक काळातले उत्तम ऑर्गन मोडले गेले, त्यांच्या नळ्या आखूड केल्या गेल्या, आवाज बळेच धारदार केले गेले. ज्या तत्त्वाने बाखच्या वाद्याला वाचवलं, त्याच तत्त्वाने रेगरच्या वाद्यालाही वाचवायला हवं होतं. शिवाय शुद्धतेची ती भाषा, ‘जर्मन’ ऑर्गनकलेचा तो सततचा घोष १९३३ नंतर सत्तेच्या सोयीचा ठरला. १९३६ मध्ये न्यूरेम्बर्गला नाझी पक्षाच्या मेळाव्याच्या सभागृहात एक अजस्र ऑर्गन बसला. तो घडवला होता वाल्कर यांच्याच कारखान्याने.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, गुर्लिट यांना प्राध्यापकपदावरून काढण्यात आलं. पत्नी ज्यू कुळातली होती आणि त्यांची स्वतःची आजीही. जर्मन संगीताच्या इतिहासासाठी झिजलेल्या माणसाला जर्मन विद्यापीठात जागा उरली नाही. २७ नोव्हेंबर १९४४ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी फ्रायबुर्गवर वीसेक मिनिटं बॉम्बवर्षाव केला. सुमारे २,८०० माणसं मेली. प्रेटोरियसचा ऑर्गनही त्यातच गेला.

१९४५ मध्ये गुर्लिट पुन्हा पदावर आले. छप्पन्नाव्या वर्षी नव्याने सुरुवात करताना त्यांनी कामाचा जो डोंगर उचलला, तो पाहून मान लवते. बंद पडलेलं ‘संगीतशास्त्र संग्रह’ हे जर्मन नियतकालिक त्यांनी १९५२ मध्ये पुन्हा सुरू केलं. गुरू रीमान यांच्या संगीतकोशाची बारावी आवृत्ती हाती घेऊन त्यांनी १९५९ आणि १९६१ मध्ये संगीतकारांविषयीचे दोन खंड पूर्ण केले. १९५५ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात दुसरा प्रेटोरियस ऑर्गन उभा राहिला, वाल्कर घराण्याच्याच पुढच्या पिढीच्या हातून, आणि या वेळी पेटी जुन्या पद्धतीची होती. चौतीस वर्षांनी त्यांनी तो प्रयोग दुरुस्त करून पुन्हा मांडला.

१५ डिसेंबर १९६३ रोजी ते फ्रायबुर्गमध्येच वारले. कोशाचा उरलेला, संज्ञांचा खंड त्यांच्या जागी आलेले हान्स हाइन्रिश एगेब्रेख्त यांनी १९६७ मध्ये पुरा केला. याच एगेब्रेख्त यांनी त्याच वर्षी ऑर्गन-चळवळीची परखड चिकित्सा करणारं पुस्तकही लिहिलं. त्या विभागाची शिस्त त्यावरून कळते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. हांबुर्गच्या याकोबी चर्चमधल्या श्निटगरच्या ऑर्गनवर वाजवलेली, जुन्या काळातल्या बुक्सटेहूडे या संगीतकाराची एखादी रचना शोधून ऐका. ते वाद्य १९९३ मध्ये काळजीपूर्वक पूर्वपदावर आणलं गेलं आहे. त्यानंतर बर्लिनच्या कॅथिड्रलमधल्या १९०५ च्या झाउअर ऑर्गनवर वाजवलेला रेगर ऐका. दोन्ही चांगल्या स्पीकरवर ऐका, आणि एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजू नका.