आजीच्या गालावरची पेन्सिल

आजीच्या गालांवर देवीचे वण आहेत. वसमतच्या घरातल्या तिच्या १९६१ च्या फोटोत ते नाहीत. मला वाटायचं, देवी नंतर आल्या असतील.

यंदा ट्रंकेत त्याच फोटोची निगेटिव्ह सापडली. हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. मित्राकडून एप्सनचा व्ही८५० स्कॅनर आणला. या स्कॅनरच्या झाकणातही दिवा असतो, कारण निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. २४०० डीपीआयला १७ कोटींहून जास्त पिक्सेल मिळाले. गालावर झूम केलं. स्वल्पविरामाएवढ्या रेघाच रेघा, आणि त्यांच्या कडेने डोकावणारे वण.

चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. स्टुडिओवाले तो शिसपेन्सिलीने भरायचे, की प्रिंटमध्ये गाल उजळ. म्हणजे देवी फोटोच्या आधीच आल्या होत्या.

स्कॅनरची आपोआप धूळ काढायची सोय इन्फ्रारेडवर चालते. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, म्हणून ती इथे निकामी. प्रत्येक ठिपका मीच ठरवायचा: धूळ, पेन्सिल की वण? ऑफिसात डेटातला कचरा कोणता, हे मी दोन ओळींच्या कोडमध्ये ठरवतो. इथे माउस हलेना.

पेन्सिल पुसून खरा चेहरा वर आणावा, असं आधी वाटलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये देवी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. हे वण म्हणजे पुरावाच. आणि स्थळांना दाखवायच्या फोटोत ते लपवणं, ही फसवणूक नाही का?

आजीलाच विचारलं. ती हसली. "फसवणूक कुणाची? बघायला आले तवा समोरच बसले होते की मी."

"मग पेन्सिल कशाला?"

"फोटो माझ्यासाठी बी होता ना, बाळा."

खोटं ठरायला कुणीतरी फसावं लागतं. इथे कुणीच फसलं नव्हतं. एका सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःकडे एकदा तसं बघून घेतलं होतं, एवढंच. स्कॅनरला दिसलं ते खरं आहे. पण ते चारचौघांत मांडायचा हक्क मला त्याने मिळत नाही.

मी फक्त धूळ काढली. पेन्सिल तशीच ठेवली. मूळ फाइल ठेवायला आजीने होकार दिला, एका अटीवर: "मी हाय तोवर कुणाला मोठं करून दाखवू नको."

हा लेख तिला वाचून दाखवला. तो छापायला तिची हरकत नाही. फोटो मात्र सोबत दिलेला नाही.