सात की नऊ?

लिनक्स कर्नलचा सोर्स उतरवून घेतला की त्यात ‘डॉक्युमेंटेशन’ नावाचा एक फोल्डर दिसतो आणि त्याच्या पोटात ‘केबिल्ड’ नावाचा दुसरा. हा अवाढव्य प्रोग्राम बांधायचा कसा, हजारो सी फायलींपैकी कोणत्या घ्यायच्या, कोणत्या वगळायच्या, कोणत्या कर्नलमध्येच मुरवायच्या आणि कोणत्या मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवायच्या, याचे नियम तिथे लिहून ठेवलेत. त्यातल्या ‘मेकफाइल्स’ या मुख्य दस्तऐवजात सुरुवातीलाच माणसांचे चार वर्ग पाडले आहेत: नुसतं कर्नल बांधून वापरणारे, ड्रायव्हर वगैरे लिहिणारे साधे डेव्हलपर, एखाद्या प्रोसेसरची अख्खी बाजू सांभाळणारे, आणि केबिल्ड ही बांधणीची यंत्रणाच लिहिणारे. पहिल्या वर्गाबद्दल तिथे मोकळेपणानं म्हटलंय की हे लोक सहसा मेकफाइल उघडतच नाहीत. मी दुसऱ्या वर्गातला, तेही पोटापुरता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका फाइलवर ‘ऑब्जकॉपी’ ही आज्ञा चालवण्यासाठी मी मेकफाइलमध्ये एक ओळ लिहिली. ‘इफ चेंज्ड’ या तयार नियमाला हाक मारायची, मग स्वल्पविराम, मग आज्ञेचं नाव. स्वल्पविरामानंतर जागा सोडावी हे शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं. मी सोडली. मेकफाइल वाचून बांधणी करणारा प्रोग्राम म्हणजे मेक. त्याच्या लेखी ती मोकळी जागाही नावाचाच भाग असते. त्यानं अंगावर एक जागा घेऊन आलेल्या ‘ऑब्जकॉपी’ची आज्ञा शोधली. ती कुठेच लिहिलेली नव्हती, आणि मेकमध्ये न लिहिलेली गोष्ट म्हणजे चूक नव्हे, नुसतंच रिकामं. त्या रिकामेपणाकडे बघत माझी अख्खी दुपार गेली. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या सिनियरनं स्क्रीनकडे एक नजर टाकली, बॅकस्पेस एकदा दाबलं आणि चहाला गेला.

हेच उदाहरण, ही एक जागा जास्त असलेली ओळ, दस्तऐवजात ‘असं लिहू नका’ म्हणून दिलेली होती. मी ते पान वाचलं नव्हतं, कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एका जुन्या सल्ल्यानं मला तोंडघशी पाडलं होतं.

तो सल्ला असा. कंपायलरला जास्तीचे पर्याय द्यायचे तर पूर्वी लोक मेकफाइलमध्ये सरळ ‘सीफ्लॅग्ज’ वाढवायचे. केबिल्डनं ते बंद केलं आणि तसं करणाऱ्याला बांधणी थांबवून सांगायला सुरुवात केली: ‘एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज’ वापरा. पुढे ‘एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज’च जुनं ठरलं, ‘सीसीफ्लॅग्ज-वाय’ आलं, आणि त्या संदेशातला उपायसुद्धा बदलावा लागला. मधलं रूप मात्र जुन्या लोकांची अडचण नको म्हणून कित्येक वर्षं चालू राहिलं. 2025 मध्ये ते अखेर काढलं. एकाच कामाची तीन नावं, आणि प्रत्येक नाव कधी ना कधी बरोबर होतं.

चुकीच्या दस्तऐवजापेक्षा दस्तऐवज नसलेला बरा, असं आमच्या धंद्यात म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. सरळसरळ चुकीचं वाक्य पहिल्याच दिवशी कोणीतरी पकडतं. फसवतं ते एकेकाळी बरोबर असलेलं वाक्य. त्याच्या आवाजात शंका नसते, ते ज्यानं लिहिलं त्याला विषय खरोखर कळलेला असतो, आणि जुनं रूप चालत असेपर्यंत ते निभावूनही जातं. मग एक दिवस जात नाही. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. मी ताक प्यायचंच सोडलं होतं.

असं पान साफ करणं वरून सोपं दिसतं. शुद्धलेखन, तुटलेल्या ओळी, हरवलेली विरामचिन्हं. या कामाला मी कमी लेखत नाही. मेकफाइल्सच्या श्रेयनामावलीत चारच नावं आहेत आणि चौथं नाव केवळ भाषा तपासल्याबद्दल आहे, हे मला फार आवडतं. पण साफसफाईचा खरा घाम खोडण्यात जातो. नवा परिच्छेद जोडणाऱ्याला स्वतःपुरतं माहीत असलं तरी भागतं. जुना परिच्छेद खोडणाऱ्याला तो कोणालाच लागत नाही याची खात्री करावी लागते, म्हणजे अख्खा सोर्स धुंडाळावा लागतो. म्हणून जोडणारे पुष्कळ आणि खोडणारे थोडे. आपल्या माळ्यावरच्या पितळी भांड्यांची गोष्ट वेगळी नाही.

एक मजेशीर नमुना सांगतो. कर्नलचे पर्याय ज्या केकॉन्फिग फायलींत लिहिलेले असतात, तिथे प्रत्येक पर्यायाखाली माहितीचा मजकूर असतो. त्याची सुरुवात नुसत्या ‘हेल्प’ या शब्दानं करता यायची, किंवा त्याच शब्दाला दोन्ही बाजूंनी तीन-तीन आडव्या रेघा जोडून. फरक काय? काही नाही. दस्तऐवजातही तसंच लिहिलेलं होतं: वागणूक एकच, रेघा फक्त डोळ्यांना आधार म्हणून. हे वाक्य अगदी खरं होतं, नीट लिहिलेलं होतं, आणि तरी ते कचराच होतं. नव्या माणसानं ते वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि मग आपल्याला त्याची गरज नाही हे समजून घ्यायचं. 2020 मध्ये सगळ्या सोर्सभर त्या रेघा काढून टाकल्या. साफ झाला तो सोर्स. दस्तऐवजातलं वाक्य त्यामुळेच अनावश्यक झालं.

इथे मला एकनाथ आठवतात. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ काढले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. काम एकाच जातीचं वाटतं, पण दिशा उलटी आहे. एकनाथांना मूळ गाठायचं होतं; मजकूर हाच प्रमाण, बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं. केबिल्डच्या दस्तऐवजाला मूळ शुद्ध प्रत अशी नाहीच. प्रमाण असतो तो चालणारा प्रोग्राम, आणि तो दर नऊ-दहा आठवड्यांनी नव्या आवृत्तीत पुढे सरकतो. इथे जुन्याकडे परतणारा संपादक चुकतो. म्हणून हे काम एकदाच करून टिळा लावण्याचं नाही.

माझ्या मते दस्तऐवजातली प्रत्येक ‘सावधान’ ही प्रोग्रामविरुद्धची तक्रार असते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं, तेव्हा आज्ञेच्या ओळीआधी टॅब हवाच असा नियम ठेवला. चूक त्यांच्या लवकरच लक्षात आली, पण तोवर डझनभर लोक मेक वापरत होते आणि त्यांचं काम बिघडवायला नको म्हणून नियम तसाच राहिला. बारा-एक माणसांच्या भिडेखातर तेव्हापासून आजतागायत मेकच्या प्रत्येक पुस्तकात टॅबबद्दल एक परिच्छेद छापावा लागतो.

केबिल्डमध्ये मात्र एक तक्रार निकालात निघालेली मी पाहिली आहे. आधी सांगितलेला ‘इफ चेंज्ड’ हा नियम फाइल बदलली का एवढंच बघत नाही, तर ती बनवण्याची आज्ञा बदलली का हेही बघतो. त्यासाठी तो दर वेळी तपासायला जागा झाला पाहिजे, आणि तो जागा व्हावा म्हणून ओळीत ‘फोर्स’ हा शब्द लागतो. तो विसरणं ही नेहमीची चूक आहे, असं दस्तऐवज वर्षानुवर्षं बजावत होता आणि लोक वर्षानुवर्षं विसरत होते. 2021 मध्ये केबिल्डमध्येच एक छोटी तपासणी घातली गेली. आता ‘फोर्स’ विसरलं तर बांधणी चालू असतानाच सूचना येते. पानावरचं वाक्य अजून आहे, पण त्याच्यावरचा भार उतरला आहे. स्वल्पविरामानंतरच्या माझ्या त्या जागेसाठी असं कोणी केलेलं मला ठाऊक नाही.

हा दस्तऐवज मुळात साधी टेक्स्ट फाइल होता. 2019 मध्ये तो नव्या मांडणीत, आरएसटीमध्ये आणला गेला. प्रकरणांचे आकडे मात्र हातानंच घातलेले राहिले: तीन, तीन-पॉइंट-एक, तीन-पॉइंट-दोन. मधला एक भाग काढला की खालचे सगळे आकडे हलणार आणि ‘अमुक प्रकरण पाहा’ म्हणणारी वाक्यं भलत्याच दारात नेऊन सोडणार. पुढच्या साफसफाईत ते आकडेही काढले गेले.

दस्तऐवजाच्या शेवटी ‘करायचं राहिलंय’ असा एक छोटा भाग आहे. त्यात एक नोंद बरीच वर्षं पडून होती: प्रकरण सातमध्ये आणखी चलं घालावीत का? मधल्या काळात कोणीतरी ती दुरुस्त केली, तेव्हा प्रकरण नक्की कोणतं याची खात्री नसावी, कारण आता तिथे ‘सात की नऊ’ असं लिहिलेलं आहे. आकडे गेले, प्रश्न राहिला. तुमच्यापैकी कोणी केबिल्ड वाचत असेल, तर उत्तर द्या नाहीतर ती ओळ खोडा. दोन्ही चालेल.