वाढत्या अंगाचा गणवेश

चादरीला माप लागत नाही. थोरल्यांना आणि धाकट्यांना ती सारखीच पांघरता येते. सोलापूरने चादरीवर नाव कमावलं त्या काळात कुणाच्या अंगाची उंची-रुंदी हा गावापुढचा प्रश्नच नव्हता. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि बरेच हात शिलाईकडे वळले. आज इथले शालेय गणवेश परराज्यांत जातात, परदेशातही जातात. आणि गणवेश म्हटला की आधी विचारावं लागतं, कुणाच्या अंगाचा?

शिंप्याला हे विचारावं लागत नसे, कारण मूल समोर उभं असे. तो टेपने खांदा, छाती, सीट, उंची घेई. आई म्हणे, “वाढत्या अंगाचं शिवा,” आणि तो दुमडीत दोन बोटं कापड जास्त सोडी. वर्षाने दुमड उसवली की तोकडी झालेली पँट पुन्हा घोट्याला टेके. त्या दोन बोटांत मोठी समज होती: प्रत्येक मुलाचं शरीर वेगळं असतं आणि ते बदलत राहतं. कारखान्यात कापडाचे थरावर थर अंथरून कापणी होते, तिथे ही दोन बोटं परवडत नाहीत. मग इयत्ता विचारून नंबर काढला जातो.

बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी 1835 साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. त्यांच्या लेखी सरासरी हा आदर्श होता आणि तिच्यापासून ढळणं ही निसर्गाची चूक. मोठ्या संख्येने वस्तू बनवू लागलेल्या जगाला हा विचार सोयीचा होता. त्याला तडा गेला तो मोजणीमुळेच. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे 1 लाख 47 हजार मुलामुलींची मापं घेतली. निष्कर्ष असा की कपड्याचा नंबर ठरवायला वय फारसं कामाचं नाही. उंची आणि सीटचा घेर ही दोन मापं कितीतरी जास्त सांगतात. पुढे 1950 च्या सुमारास तिथल्या हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने 4,063 वैमानिकांची मापं तपासली. दहाही प्रमुख मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही. कॉकपिट ज्याच्यासाठी आखलं होतं तो माणूसच अस्तित्वात नव्हता. त्यानंतर आसनं, पट्टे मागेपुढे सरकवता येतील असे बनू लागले.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथे वैमानिकाला बदलायला कुणी सांगितलं नाही. आपण मात्र मुलाला अजून हेच सांगतो: दोन वर्षं बाह्या दुमडून घाल.

आपल्याकडे ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या ‘इंडियासाइज’ प्रकल्पाने सहा शहरांतल्या 25 हजारांहून अधिक लोकांच्या मोजणीचं काम हाती घेतलं, तेव्हा वयोगट 15 ते 65 ठेवला. म्हणजे पहिली ते आठवीची, गणवेश घालणारी मुलं बाहेरच राहिली. 2024-25 मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. शाळा व्यवस्थापन समित्यांकडचं गणवेशाचं काम काढून घेतलं, शिलाई महिला बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा आले आणि आले तेही अनेकांना ढगळ किंवा तोकडे. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवावा लागला. माझ्या मते दोष शिवणाऱ्या बायांचा नव्हता. मूल आणि कापणारा यांच्यातलं अंतर वाढलं की असंच होणार.

ढगळ शर्ट निभावतो तरी. पण ज्या मुलाची बोटं नीट वळत नाहीत, त्याच्यासाठी काज-बटण म्हणजे रोजची लढाई. शाळेच्या स्वच्छतागृहात पँटचा हूक निघत नाही म्हणून ते सकाळपासून पाणी पीत नाही. पायाला आधाराचं कॅलिपर लावणाऱ्या मुलीच्या सलवारीचा पाय अरुंद असतो. पट्टे सोडायचे तर सगळंच उतरवावं लागतं. आणि धडधाकट मुलींच्या कुर्त्याला तरी खिसा कुठे असतो? पाळीच्या दिवसांत पॅड न्यायचं कशात? उपाय साधे आहेत: बटणाखाली चिकटपट्टी, कमरेला इलॅस्टिक, पायाला बाजूने चेन, कुर्त्याच्या शिवणीत एक खिसा. वरून गणवेश तसाच दिसतो आणि सोलापुरातल्या कुठल्याही कारागिराला हे आजही शिवता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 43 वं कलम तर सरकारवर अशा सर्वांना वापरता येणाऱ्या वस्तूंना चालना देण्याची जबाबदारीच टाकतं.

कारखानदार म्हणतात, मागणी नाही. मागणी नोंदवणार कुठे? मागणीपत्रात इयत्ता, मुलगा-मुलगी आणि नग एवढेच रकाने असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मात्र उंची-वजनाचा रकाना पूर्वीपासून आहे. त्यात सीटचा घेर आणि ‘विशेष गरज’ असे दोन रकाने वाढवून ती नोंद एप्रिलमध्येच समितीने कापणी करणाऱ्याकडे पाठवावी. मुलांची नावंही कळवायची गरज नाही, मापं पुरेत.