आपलें शेत आणि शेजारधर्म

आपल्या शेतांत आपण वाटेल तें करावें, त्यांत दुसऱ्यानें बोलण्याचें कारण काय, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. बियाणें आपलें, घाम आपला, कर्जहि आपल्याच नांवावर. मग फवारणीचा पंप केव्हां उचलावा हें ठरविणारा दुसरा कोण? वरवर पाहतां हें म्हणणें रास्त दिसतें. परंतु शेतांत असे दोन जीव वावरतात कीं, ज्यांस बांध ठाऊक नाहीं. एक कीड, व दुसरी मधमाशी. ह्या दोघींकडे पाहिल्यावर वरील म्हणणें कितपत टिकतें, ह्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

कांद्याच्या बियाण्याचें उदाहरण घेऊं. नाशिक, बुलढाणा व जालना ह्या जिल्ह्यांत पुष्कळ शेतकरी निवडक कांदे पुन्हां लावून त्यांपासून बीं धरतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलतात. एकेका गोंड्यांत शेंकडों बारीक फुलें असतात. प्रत्येक फुलांतील पराग आधीं पिकून सुटतो, आणि तो घेण्यास त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कोणीतरी नेऊन पोंचविला पाहिजे. हें काम मुख्यत्वें मधमाशा व इतर कीटक करितात. सातेरी, फुलोरी, आग्या ह्या माशा मजुरी मागत नाहींत. पण त्या आल्या नाहींत, तर गोंडा फुलूनहि पोकळ राहतो.

त्याच पिकावर फुलकिडे असतात. हे पात खरवडून रस शोषितात व तिच्यावर पांढरे चट्टे पाडितात. त्यांचीं अंडीं पातीच्या आंत, कोश मातींत, आणि पिलें पातीच्या बेचक्यांत लपलेलीं. म्हणून फवारा त्यांतील पुष्कळांपर्यंत पोंचतच नाहीं. उन्हाच्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांत त्यांची नवी पिढी तयार होते.

शेतकरी म्हणतात कीं, किडीस औषधाची संवय झाली. खरी गोष्ट थोडी निराळी आहे. कोणताहि एक किडा विष पचविण्यास शिकत नाहीं. हजारोंत थोडे जन्मतःच चिवट असतात. फवाऱ्यानें बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची वीण ह्यांचीच होते. जितकी फवारणी अधिक, तितकी ही निवड अधिक कडक. अमेरिकेंतील कीटकशास्त्रज्ञ मेलँडर ह्यांनीं १९१४ सालींच हा प्रश्न लेखांत मांडिला होता. तेथील फळबागांतील खवलेकीड चुना-गंधकाच्या फवाऱ्यास दाद देईनाशी झाली होती. आपल्या देशांत शिंगाड्यावरील भुंगेरे डी.डी.टी. व बी.एच.सी. ह्यांनीं मरत नसल्याची नोंद १९६३ सालीं झाली. आज अनेक देशांत कांद्यावरील फुलकिडे पायरेथ्रॉइड वर्गाच्या औषधांस जुमानीत नाहींत.

आतां नीतीचा प्रश्न येथें उभा राहतो. गुण येईना म्हणून एकानें मात्रा वाढविली, दोन-तीन बाटल्या एकत्र केल्या, तर त्याच्या शेतांतून उरलेले चिवट किडे शेजाऱ्याकडे जातात, आणि शेजाऱ्याचेंहि औषध फुकट जातें. ह्यावरून दिसेल कीं, औषधाचा गुण ही एकट्याची मालमत्ता नसून गांवाची सामाईक ठेव आहे. जो ती उधळतो तो दुसऱ्याचेंहि उधळतो. आणि मधमाशीची गोष्ट त्याहून दुःखाची. फुलावर येते ती कामकरी माशी. ती वीण करीत नाहीं. ती मेली म्हणजे तिच्यामागें चिवट संतति उरत नाहीं. म्हणजे ज्यास मारावयाचें तो तगतो, आणि जिची गरज ती मरते. आपण ज्यास औषध म्हणतों तें विष आहे, आणि तें घरधनी व चोर असा भेद जाणत नाहीं.

येथें कोणी विचारील, पीक डोळ्यांदेखत जात असतां गरिबानें हात जोडून बसावें काय? असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पिकाचें रक्षण करणें हें कर्तव्यच आहे. परंतु गरजेची फवारणी वेगळी, आणि भयाची वेगळी. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा सल्ला असा कीं, लागवडीपूर्वीं महिनाभर शेताभोंवतीं मक्याच्या दोन ओळी पेराव्या, म्हणजे उडत येणारे फुलकिडे अडतात. आणि दर झाडास सुमारें ३० फुलकिडे दिसल्यावांचून औषध मारूं नये. तुषार सिंचनानेंहि कीड कमी होते. बाटलीचें नांव बदललें म्हणजे औषध बदललें असें नव्हे. वर्ग बदलला पाहिजे, म्हणून तो विचारून घ्यावा. बियाण्याच्या कांद्यावर जें मारावयाचें तें गोंडे उमलण्यापूर्वीं. फुलोऱ्यांत अगदींच प्रसंग आला, तर माशा परतल्यावर सायंकाळीं मारावें, व शेजाऱ्यास आदल्या दिवशीं कळवावें. तरीहि कांहीं विषें झाडाच्या अंगांत भिनून मधांत व परागांत उतरतात, हें विसरूं नये. ह्याच कारणास्तव युरोपीय संघानें २०१८ सालीं अशा तीन औषधांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला.

शेवटची अडचण सर्वांत कठीण. मी संयम पाळला आणि शेजाऱ्यानें पाळला नाहीं, तर माझ्याच पदरीं तोटा कां? हें दुःख खरें आहे, व त्यावर एकट्याचा उपाय अपुरा आहे. म्हणूनच ही गोष्ट पंपापाशीं नव्हे, चावडीवर व मंडळीच्या बैठकींत ठरली पाहिजे. फुलोऱ्याचे दिवस गांवानें मिळून मोकळे ठेवावे, व औषधाचा वर्ग मिळून बदलावा. जे उपदेशक गांवोगांव फिरतात त्यांनीं हा विषय काढावा. पण बैठक भरेपर्यंत थांबण्याचेंहि कारण नाहीं. बांध शेत वेगळें करितो, हिताहित वेगळें करीत नाहीं. हें ज्यास कळलें, त्यानें शेजाऱ्याची वाट न पाहतां आपल्या बांधापासून आरंभ करावा.