वीरूबाईंना पुण्य लागलं का?

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर बघायला आम्ही कोरेगावच्या बायका गेलो होतो. पायऱ्या उतरता उतरता जाऊबाईंनी विचारलं, "एवढी विहीर बांधली, वीरूबाईंना केवढं पुण्य लागलं असेल हो?" शाळेत संस्कृत शिकवलं म्हणजे पापपुण्याचा हिशेबही मला येत असणार, असा आमच्या घरात समज आहे.

साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या परिवारातल्या वीरूबाईंनी ही विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधवली. तसा शिलालेख तिथं आहे. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार दिसतो. अष्टकोनी मोठी विहीर, तिला जोडून दुसरी लहान, आणि दोहोंच्या मध्ये चक्क महाल! कोरीव खांब, भिंतींवर हत्ती, वाघ, मारुती, आणि वर महाराजांच्या बैठकीची जागा. साताऱ्याचा राजवाडा आम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण पाण्यावर बसलेला हा महाल मला त्याहून राजेशाही वाटतो. पाणी होतं भोवतालच्या आमराईसाठी. तीन हजारांवर झाडं होती म्हणतात.

मोटांच्या जागा पाहून मला सासऱ्यांची मोट आठवली. नाडा, सोंदूर, धावेवर पुढंमागं होणारे बैल आणि थारोळ्यात धबकन पडणारं पाणी. आमची एक मोट चालली तरी गल्लीला कळायचं. इथं बारा एकदम चालायच्या, तेव्हा महाराजांची बैठक कशी चालत असेल, देव जाणे.

तर पुण्य. धर्मशास्त्र इष्ट आणि पूर्त असे दोन प्रकार मानतं. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवळं, अन्नदान आणि बागासुद्धा. यज्ञाचा अधिकार वरच्या वर्णांपुरता, पूर्त मात्र शूद्रांनाही खुलं. विहीर बांधली, वर आमराई लावली, म्हणजे दुहेरी पुण्य! जाऊबाई खूश झाल्या.

पण शास्त्र एवढ्यावर सोडत नाही. पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात उत्सर्गाचा विचार आहे. नुसतं खणून भागत नाही, संकल्प करून ते पाणी सगळ्या जीवांसाठी सोडावं लागतं. सोडलं नाही तर ती आपली मालमत्ता, इतकंच. तळ्याच्या उत्सर्गात गाय पाण्यातून नेतात. महालात गारव्याला बसणं, आमराईतले आंबे खाणं यात मला काही वावगं दिसत नाही. राजानं सुख भोगलं म्हणून पुण्य बुडत नाही. पाणी अडवलं तर बुडतं.

आणि आपण अडवलं. संकल्पात सगळे जीव, काठावर मात्र निवडक माणसं. १९०१ साली लहानगे आंबेडकर घरच्या इतर मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर एकानं दुप्पट भाडं घेतलं, स्वतः पायी चालला आणि गाडी पोरांना हाकायला लावली. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळालं नाही, म्हणून जवळ डबा असून मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांच्या आठवणींत वडील नोकरीला होते त्या गावाचं नाव कोरेगाव असं आहे. "ते खटाव तालुक्यातलं, आपलं नव्हे," असं म्हणून आमच्याकडची मंडळी सुटका करून घेतात. आपल्या गावात त्या पोरांना कुणी तांब्या भरून दिला असता का, हे मात्र कुणी विचारत नाही. गाईला पाण्यात उतरवणारा धर्म तहानलेल्या पोराला नाक्यावरून परत पाठवतो, तेव्हा दोष मंत्राचा की माणसाचा, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला तो दोष माणसाचाच वाटतो.

आमच्या शेजारच्याच खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मंत्र नाही, दक्षिणा नाही, गाय नाही. खरा उत्सर्ग मी त्यालाच म्हणते.

वीरूबाईंच्या विहिरीत आज कुणीही उतरतं, जात कुणी विचारत नाही. तेव्हा झाला नसेल तर उत्सर्ग आता झाला, पुण्य लागलं समजा, असं मी जाऊबाईंना सांगितलं. तुम्ही लिंबला जाल तेव्हा पाण्याची रिकामी बाटली तेवढी परत घरी घेऊन या.